ओवीचं कूळ घरोट्यापाशी

ओवीचं कूळ सांगताना आपण संतांपाशी थांबतो. ती त्याहून जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे पोथीत शिरण्याच्या कितीतरी आधी ओवी मुसळाबरोबर चालत होती.

कामानंच तिला घडवलं. बोदवडकडे, एकूणच खान्देशात, जात्याला घरोटं म्हणतात. पहाटे एक हात खुंट्यावर, दुसरा मूठमूठ दाणे टाकणारा. दगड फिरेल तशी ओळ सरकते, दम लागला की तोच चरण पुन्हा येतो, समोरची जाऊ तो उचलून धरते. लेकीला ओवी कुणी वेगळी शिकवत नसे. ती आईसमोर दळायला बसे आणि चाल अंगात मुरे.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणीही अशीच घरच्या आणि शेतातल्या कामातून आली. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तेवढं टिपलं, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. शब्द वाचले. पण पुस्तकात चाल उतरत नाही, आणि हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

ते ओळखलं पुण्याचे अभ्यासक गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी. त्यांच्या गटानं गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासोबत बायकांचे आवाज टेपवर घेतले. ओवी कुणाची, गाव कुठलं, हेही नोंदवलं. २०१७पासून ‘परी’ या ऑनलाइन संग्रहात त्या ऐकता येतात.

कागदावर न उतरणारी, अंगात मुरलेली कला जपायची कशी, या पेचात आज जगातली मोठी संग्रहालयंही आहेत. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या कलासंग्रहालयानं कलाकार टिनो सेहगल यांची ‘किस’ ही सादर करायची कलाकृती घेतली, तेव्हा सगळा व्यवहार तोंडी झाला, कागद नाही. ती एका देहानं दुसऱ्याला शिकवूनच टिकायची. आपल्या आज्या-पणज्यांनी शतकानुशतकं हेच केलं.

वस्तुसंग्रहालयात घरोटं ठेवता येतं, पण ते फिरत नाही. बोदवड तालुक्यात घरोट्यावर दळलेली आजी कुणाच्या घरी असेल, तर तिला ओव्या नुसत्या सांगायला लावू नका. तिला घरोट्यापाशी बसवा, समोर जोडीदारीण द्या, मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करा. ओवी कुणाकडून आली, तेही विचारून घ्या.