गांवशिवेवरचा वेताळ आणि ‘इंद्रजाल’चा वेताळ

सचित्र साहसकथांच्या अंकांस वाङ्मयाच्या इतिहासांत स्थान द्यावें काय, असा प्रश्न कोणी केला, तर आमचे बहुतेक सुशिक्षित वाचक तो हंसून टाळतील. असले अंक मुलांनीं चोरून वाचावेत व वडीलधाऱ्यांनीं रद्दींत घालावेत, हाच आजवरचा परिपाठ. परंतु ज्या वाचनानें एका पिढीची कल्पनाशक्ति पोसली, तें वगळून त्या पिढीचें मन समजणें शक्य नाहीं. म्हणून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या मालेच्या मराठी अंकांकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहावें, असें आम्हांस वाटतें.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनीं ही माला मार्च 1964 मध्यें सुरू केली. 1990 मध्यें ती बंद पडली. तोंवर तिची क्रमसंख्या आठशेंच्या पुढें गेली होती. पहिल्या 32 अंकांत एकट्या ‘फँटम’च्या कथा होत्या. पुढें जादूगार मँड्रेक, अंतराळवीर फ्लॅश गॉर्डन, गुप्तहेर फिल कॉरिगन व रिप कर्बी यांस आळीपाळीनें जागा मिळाली. अद्भुतकथा व हेरकथा अशा एकाच दावणीस बांधल्या गेल्या. मराठी वाचकास यांतील हेरकथा अगदींच नवी नव्हती. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय, झुंजार व काळापहाड यांनीं तिची गोडी आधींच लावून ठेविली होती.

फँटम हा ली फॉक या अमेरिकन लेखकाचा मानसपुत्र. वृत्तपत्रांतील त्याची चित्रमाला 17 फेब्रुवारी 1936 रोजीं सुरू झाली, म्हणजे सुपरमॅनच्या (1938) व बॅटमॅनच्या (1939) आधीं. त्याच्या अंगीं दैवी सामर्थ्य मुळींच नाहीं. बापामागून मुलगा तोच बुरखा चढवितो, आणि लोक मात्र एकच पुरुष शतकानुशतकें जिवंत आहे असें मानितात. या वीरास मराठी आवृत्तींत नांव मिळालें ‘वेताळ’.

आमच्या मतें या एका शब्दांत भाषांतरकाराचें सारें चातुर्य आलें. फँटम म्हणजे भूत. पण ‘भूत’ या नांवाचा नायक मराठी मुलानें जवळ केला नसता. वेताळाची गोष्ट निराळी. तो भुतांचा राजा खरा, परंतु गांवाच्या शिवेवर शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपानें बसलेला राखणदारही तोच. शिवाय विक्रमराजाच्या पाठीवर बसून कोडीं घालणारा वेताळ जुन्या पंचविशीमुळें व 1952 पासून निघूं लागलेल्या ‘चांदोबा’मुळें घरोघरीं ठाऊक होता. परका वीर आपल्या उंबऱ्याशीं आला तो असा ओळखीचें नांव घेऊन. मूळ कथांतील अरण्याचें नांव बंगालशीं मिळतेंजुळतें होतें. भारतीय आवृत्तींत तें बदलून ‘डेंकाली’ करण्यांत आलें, हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे.

तथापि नांव एक झालें म्हणून दोघे वेताळ एक होत नाहींत. शिवेवरच्या वेताळास गांव नैवेद्य दाखवितें आणि त्याच्याकडून राखण करून घेतें; तो गांवाचा असतो. डेंकालीचा वेताळ हा गोऱ्या वंशांतील. भोंवतालचे वन्य लोक त्याच्यापुढें नम्र होतात, न्यायही तोच करितो. रक्षण करणारा पुरुष बाहेरचाच असावयाचा, ही साम्राज्यकाळांतील समजूत त्या चित्रांतून आमच्या मुलांच्या हातीं आली.

परभणी जिल्ह्यांतील आमच्या पालमकडे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि अखेरच्या दिवसांत रझाकारांच्या धाकानें मराठवाड्यांतील खेडींपाडीं रात्री जागून काढीत. राज्यसत्ताच पाठीशीं नसतां गांवाचें रक्षण कोणी करावें, हें ज्या घरांतील वृद्धांनीं अनुभविलें, त्याच घरांतील नातवंडें पुढें वेताळाचे अंक वाचीत होतीं. आजोबांस पडलेल्या प्रश्नाचें एक सोपें उत्तर त्या अंकांत मिळे: कोणीतरी येईल.

दुसरें उत्तर डिसेंबर 1976 मध्यें त्याच मालेंत आलें. आबिद सुरती यांनीं ‘बहादुर’ हा भारतीय नायक निर्माण केला. हा दरोडेखोराचा मुलगा. पण तो पोलीस अधिकाऱ्याच्या छायेंत वाढतो आणि दरोडेखोरांशीं लढण्यासाठीं नागरिकांचें सुरक्षा दल उभारतो. त्याच्या अंगावर बुरखा नाहीं, त्याच्यामागें अमरत्वाची आख्यायिका नाहीं. लोकांनीं स्वतःच आपली राखण करावी, हा विचार त्या स्वस्त कागदावर प्रथमच ठसठशीतपणें उमटला. एकाच मालेच्या पोटांत अवघ्या बारा वर्षांत झालेलें हें स्थित्यंतर आम्हांस कित्येक गंभीर ग्रंथांइतकेंच बोलकें वाटतें.

म्हणून ग्रंथालयांच्या चालकांस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, कोणाच्या माळ्यावर असे जुने अंक निघाल्यास त्यांस वाळवी लागण्यापूर्वीं कपाटांत जागा द्यावी. आमच्या समाजानें रक्षणकर्ता कसा कल्पिला आणि ती कल्पना कशी पालटली, याचा पुरावा दरबारी दप्तरांत शोधून सांपडावयाचा नाहीं. तो या फाटक्या, रंग उडालेल्या पानांतच शिल्लक आहे.