टेकडी राखायची कोणी?

पुण्याच्या माणसाचे टेकडीवर प्रेम आहे, हे त्याला कोणी सांगावयास नको. पहाटे पाच वाजता हनुमान टेकडीवर, वेताळ टेकडीवर, तळजाईवर आणि पर्वतीवर जी माणसे दिसतात, ती कोणाच्या हुकमाने आलेली नसतात. पण ह्याच माणसांना ‘ही टेकडी कोणाची?’ असे विचारून पाहावे. एक म्हणेल सरकारची, दुसरा म्हणेल महापालिकेची. तिसरा जरा माहीतगार असला तर म्हणेल, ‘काही वनखात्याची, काही पालिकेची, काही खाजगी.’ तिसऱ्याचे उत्तर बरोबर आहे. परंतु आज आमच्यापुढे प्रश्न आहे तो मालकीच्या पुढचा. मालक ठरला, सात-बारावर नाव चढले; आता टेकडी राखायची कोणी, आणि कोणापासून?

आम्ही इतिहासकार नव्हेत. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि वाचनालयाच्या बाकावर. माळी, झाडूवाले, पंपावरचे मजूर आणि रखवालदार यांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. तेव्हा ह्या विषयाकडे आम्ही ज्या खिडकीतून पाहतो ती खिडकी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

निमित्त सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका शहरी, नाव मुद्दाम सांगत नाही, एका टेकडीच्या पायथ्याशी रहिवाशांची सभा भरली. टेकडी शहराच्या मालकीची. त्या सालात तिथले गवत दोनदा पेटले होते. रात्री राडारोड्याचे ट्रक येऊन ओतून जात. तिन्हीसांजेला एका बाईच्या गळ्यातले ओढून पोरे पळाली होती. लोक भ्यालेले होते आणि त्यांचे भिणे खोटे नव्हते. मागण्या वाचल्या गेल्या: पायथ्याने सहा फुटी भिंत, दोन फाटके, दिवे, कॅमेरे, रात्री आठनंतर वर जाण्यास बंदी. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाजूने एक बाई उठल्या. उतारावरच्या वस्तीत राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. त्यांनी एवढेच विचारले, ‘भिंत घातल्यावर आम्ही कामाला कुठून यायचं, दादा?’ अध्यक्षांनी प्रश्न नोंदवून घेतला आणि आभारप्रदर्शन झाले.

त्या रात्री घरी येताना आमच्या मनात आले की हा प्रश्न त्या बाईंचा एकटीचा नव्हे. तो फार जुना आहे.

टेकडी म्हणजे मोकळे रान, ही समजूत अलीकडची. पूर्वी गावाच्या डोंगराला गावाचे काम होते. गुरे तिथे चरत, जळण तिथून येई, घर शाकारायला गवत तिथले. कोणी किती न्यावे, कोणत्या महिन्यात गुरे सोडू नयेत, याचे गावोगावी दंडक असत. ते नेहमी न्यायाचे असत असे मात्र नाही. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याला डोंगरातही वाटा कमीच. पण टेकडीवर रोज माणूस होता. वणवा लागला तर तो आधी गुराख्याला दिसे, कारण त्याचे नुकसान आधी होई.

हा संबंध तुटला तो इंग्रजी अमलात. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले ठरली, आणि कालपर्यंत जो हक्क होता तो उद्यापासून गुन्हा झाला. ह्याच पुण्यात राहून जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगर आणि गायराने सरकारने घशात घातल्याची त्यांची तक्रार त्यात आहे, जंगलखात्याच्या शिपायांच्या जाचाचीही आहे. आम्ही ते पुस्तक प्रथम वाचले तेव्हा थक्क झालो. आम्हांला वाटत होते की डोंगर ही कवींची बाब. जोतीरावांना ती शेळीच्या पोटाची बाब दिसली होती.

आता पर्वतीकडे वळू. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली तिथे देवालय उभारले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली, ही कथा आपण सर्व लहानपणापासून ऐकतो आणि सवाईने सांगतो. त्याच पायऱ्यांवर १९२९ साली जे घडले ते मात्र आमच्या पिढीतल्या फार थोड्यांना शाळेत शिकविले गेले. १३ ऑक्टोबर १९२९ ला अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या बांधवांनी पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे पुढारी त्यात होते, आणि त्यांच्या जोडीला एस. एम. जोशींसारखे तरुण. वर दरवाजे बंद, खाली जमाव. सत्याग्रह्यांवर दगड आले. पुढच्या जानेवारीत सत्याग्रह थांबला. दार उघडले नव्हते. कायद्याने ते उघडले १९४७ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने.

हे इथे का सांगतो? दार देवळाचे होते, टेकडीचे नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु ‘सार्वजनिक’ म्हणून मिरवणाऱ्या जागी दार असले की त्या दाराशी कोणाला तरी थांबविले जाते, हे पुण्याने डोळ्यांनी पाहिले आहे. टेकडीला फाटक लावा म्हणणाऱ्या सज्जनांच्या मनात तसे काही नसते. फाटकावर जो उभा राहतो त्याला मात्र कोणाला अडवायचे ते कपड्यांवरून ठरवावे लागते. आमचेच सभासद फाटकावर उभे असतात, म्हणून हे आम्हांला पक्के ठाऊक आहे.

पुढे १२ जुलै १९६१. पानशेत फुटले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि माणसे उंचवट्याकडे धावली. पूर ओसरल्यावर उघड्यावर पडलेल्यांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतले गोखलेनगर हनुमान टेकडीच्या कुशीत, सहकारनगर तळजाई-पर्वतीच्या पायथ्याशी. म्हणजे नदीने हाकललेले पुणे टेकडीच्या आश्रयाला गेले. मग कारखाने वाढले, गावोगावचे मजूर आले, त्यांना पायथ्याशीही जागा उरली नाही, तेव्हा ते उतारावर चढले. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत कोणी हौसेने वसविलेली नाही.

इथे आम्हांला आमच्याच माणसांविषयी बोलले पाहिजे. टेकडी खाल्ली ती बंगलेवाल्यांनी, असे सभेत म्हटले की टाळी मिळते, आणि त्यात तथ्यही आहे; यंत्रे लावून टेकडीफोड करतो तो झोपडीवाला नव्हे. पण कामगारानेही टेकडी खाल्ली. आम्ही स्वतः एका रखवालदाराला ओळखतो, ज्याचे काम उतारावर नवी झोपडी पडू न देण्याचे होते आणि ज्याची स्वतःची झोपडी त्याच उतारावर होती. दिवसा तो दुसऱ्याचे पत्रे काढून टाकी. रात्री पाऊस आला की स्वतःचे पत्रे दगडाने दाबी. आम्ही त्याला एकदा विचारले, हे जमते कसे? तो म्हणाला, ‘साहेब, मला खोली द्या, मी उद्या माझं खोपटं माझ्या हातानं काढतो.’ ती खोली आम्ही त्याला मिळवून देऊ शकलो नाही. आमच्या हिशेबात ती बाकी अजून आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात उरकतो. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात कर्तव्यांचे दोन गट आहेत: काही बंधनकारक, काही ऐच्छिक. पाणी, गटारे, सफाई पहिल्यात. बागा, क्रीडांगणे, मोकळी मैदाने दुसऱ्यात. अंदाजपत्रकाला ओढ लागली की कात्री कुठे चालते हे ह्यावरून समजावे. पुढे १९६६ चा नगररचनेचा कायदा आला. त्यात आराखड्यावर आरक्षण टाकता येते; पण दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, मालकाने नोटीस दिली, आणि ठरल्या मुदतीत पालिका हलली नाही, तर आरक्षण गळून पडते. नकाशावर हिरवा रंग दिला म्हणजे टेकडी राखली असे नव्हे. १९९७ साली पुण्यात गावे समाविष्ट झाली, त्यांतल्या तेवीस गावांच्या आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर डोंगरउतार जैववैविध्य उद्यानासाठी राखावा असे ठरले, आणि त्यावर सरकारी शिक्कामोर्तब होण्यास २०१५ साल उजाडले. मधल्या काळात मुले जन्मून कॉलेजात गेली. उतारावर तोवर काय काय उभे राहिले ते कात्रजहून येताना दिसतेच.

ह्या मधल्या वर्षांत टेकड्या ज्यांनी सोडल्या नाहीत ते नागरिक आहेत, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. २०२३ च्या एप्रिलात वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या रस्त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्या मोर्चात सेवानिवृत्त प्राध्यापक होते तसेच तरुण पोरेही होती. आमचे सभासद कमी होते, ही आमची चूक.

लोकांच्या अशा हट्टाचे एक उदाहरण परदेशातले आहे, आणि त्याचे साल आपल्याला विसरता येण्यासारखे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी सुटली. त्याच साली त्याच साम्राज्याच्या राजधानीत, दक्षिण लंडनच्या ऑनर ओक भागात, ‘वन ट्री हिल’ नावाच्या टेकडीवरून दंगल झाली. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे फिरावयास जात. १८९६ साली एका गोल्फ क्लबाने तिला कुंपण घातले. विरोध करणाऱ्यांनी समिती नेमली. समिती वहिवाटीचा पुरावा गोळा करीत बसली. लोकांचा धीर सुटला. ऑक्टोबर १८९७ मध्ये एका रविवारी हजारोंचा जमाव वर चढला आणि त्याने कुंपण पाडले. पुढच्या रविवारी त्याहून मोठा जमाव आला, तेव्हा पोलीस तयार होते. काहींना शिक्षा झाल्या. टेकडी मात्र त्या दिवशी मिळाली नाही. १९०४ साली स्थानिक नगरसंस्थेने ती विकत घेतली आणि १९०५ साली ती लोकांसाठी उघडली. सात वर्षे लोकांनी विषय मरू दिला नाही, हे आम्हांला कुंपण पाडण्यापेक्षा मोठे वाटते. विकत घेतली, म्हणजे पुढे दर साल तिच्यावर खर्च करणे आले, माणसे नेमणे आले. त्या माणसांची नावे आमच्या वाचनात कुठे आली नाहीत.

तेच आपल्याकडे. टेकडी राखणे म्हणजे काय काम असते हे श्रोत्यांपैकी किती जणांनी पाहिले आहे? दिवाळीनंतर गवत वाळू लागते. तेव्हा जाळरेषा काढावी लागते, म्हणजे गवताचा पट्टा कापून, जाळून, मोकळा करावा लागतो, की वणवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूस जाऊ नये. पावसाआधी समतल चर साफ करावे लागतात. ते बुजले की पाणी मुरत नाही, सुटते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला, त्याचे पाणी कात्रजच्या डोंगरातून येते. ओढ्यात किती बांधले गेले हा एक भाग, वर डोंगरावर पाणी किती मुरले हा दुसरा. मग रोपांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळी पाणी. ते डोक्यावर किंवा नळीने चढवावे लागते. गिरिपुष्प लावून मोकळे झाले की हिरवे दिसते, पण पाखरू बसत नाही, असे जाणते लोक म्हणतात.

हे काम कायम नोकरीतला माळी करीत असे. ज्या टेकडीच्या सभेची गोष्ट आम्ही सांगितली, तिथे एके काळी सात माणसे मस्टरवर होती. त्यांतला एक, ज्याला सगळे बाबा म्हणत, त्याला प्रत्येक चराचा उतार पाठ होता. कोणता ट्रक राडारोडा टाकायला येणार हे त्याला नंबरावरून नव्हे, आवाजावरून कळे. तो निवृत्त झाला. जागा भरली नाही. दुसरा वारला, भरली नाही. मग काम ठेक्याने दिले. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला होता आणि १९८१ साली खाजगी रखवालदारांसाठी महाराष्ट्राने माथाडींच्या धर्तीवर स्वतंत्र कायदा केला होता, तरी व्हायचे ते झाले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी खटल्यात निकाल दिला, आणि हंगामी माणसाला कायम करून घेण्याची आमची जुनी वाट जवळजवळ बंद झाली. आता तिथे पाळीला दोन माणसे असतात. ठेका बदलला की माणसे बदलतात. शिटी आणि काठी देतात. कोयता देत नाहीत, कारण गवत कापणे हे ‘सुरक्षे’च्या ठेक्यात बसत नाही, ते ‘उद्यान’च्या ठेक्यात बसते, आणि तो ठेका तीन महिने निघालेला नसतो. वणवा दोनदा लागला तो ह्या तीन महिन्यांत.

भीतीचा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात बोपदेव घाटात एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यानंतर टेकड्यांवर कॅमेरे, दिवे यांच्या योजना पुढे आल्या. दिवे हवेत, वाटेवर तरी हवेतच. पण कॅमेऱ्यात जे दिसेल ते पाहून धावत जाणारा कोणी वर असावयास हवा. आमच्या घरातल्या लेकीसुना तेथून जातात. त्यांना विचारले तर त्या म्हणतात, ओळखीचा माणूस फेरी मारीत असला की भीती वाटत नाही.

सभेनंतर महिन्याभराने आम्ही त्या बाईंसह पुन्हा गेलो. तीन पानी अर्ज दिला: पाळीला दोनऐवजी चार माणसे, त्यांतली निम्मी उतारावरच्या वस्तीतली, गवत, चर आणि पहारा एकाच माणसांकडे, दोन पाळ्यांत बाया रखवालदार, आणि भिंत होणारच असेल तर वस्तीच्या पाऊलवाटेवर फाटक नव्हे, मोकळी वाट. रहिवाशांपैकी अकरा जणांनी त्यावर सह्या केल्या. चार जणांनी वाचून परत दिला. अध्यक्षांनी सही केली, पण मोकळ्या वाटेच्या कलमापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून.

भिंतीचे काम दिवाळीनंतर सुरू झाले. वाटेपाशी गवंड्याने तूर्त दोन हात जागा सोडली आहे. बाई अजून तिथूनच कामाला येतात.