बागेखालचं पाणी

शाळेची सहल मलबार हिलला गेली होती. म्हातारीच्या बुटात चढलो, समोरच्या फिरोजशहा मेहता उद्यानात (म्हणजे आपलं हँगिंग गार्डन हो!) झुडपं कातरून केलेले प्राणी पाहिले. त्या हिरवळीखाली पाण्याची भलीमोठी टाकी आहे, हे गुरुजींनी काही सांगितलं नाही.

टाकी इंग्रजांच्या काळातली. तिच्यातलं बरंचसं पाणी आमच्याकडचं. तानसा धरण १८९२ चं, शहापूर तालुक्यातलं. मालकी मात्र मुंबई महापालिकेची. १९५७ ला मोडकसागर झाला, पुढे भातसा. तेही इथेच.

२०२३ मध्ये ती जुनी टाकी पाडून नवी बांधायचं पालिकेने ठरवलं. झाडं जाणार म्हणून मुंबईकर उठले, तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. बरोबरच केलं त्यांनी. शंभर वर्षांहून जुनी बाग आहे, जपायलाच हवी. पण मित्रांनो, भातशात आमची गावं उठली, जंगल बुडालं, त्याची आठवण त्या बागेत फिरणाऱ्या किती जणांना असेल?

उन्हाळा लागला की आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. आणि आमच्यासाठी पाणी आणायचं ठरलंय कुठून? घाटावरच्या, इगतपुरीच्या भावली धरणातून.