सामान्यीकरण म्हणजे काय?

एका अनुभवावरून तशाच इतर गोष्टींबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे सामान्यीकरण. शितावरून भाताची परीक्षा हा त्याचा घरगुती नमुना. ती बहुधा बरोबर ठरते, कारण सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. ‘शेजारच्या काकांना ही गोळी लागू पडली, मलाही पडेल’ या तर्काला तसा आधार नाही. वय, वजन, मूत्रपिंडाचे काम, सोबतची औषधे, सगळेच वेगळे असते. उलट, पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर ॲमॉक्सिसिलिनही टाळावे लागते, कारण दोन्ही एकाच कुळातली औषधे आहेत. मात्र त्यावरून ‘मला कुठलेच अँटिबायोटिक चालत नाही’ असे ठरवू नये.

भीतीचे सामान्यीकरण

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यायले जाते. 1920 साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अमेरिकेतील एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. पांढऱ्या उंदरासोबत मोठा आवाज ऐकवल्यावर एक तान्हे बाळ उंदराला घाबरू लागले. पुढे सशाला, कुत्र्याला, फरच्या कोटालाही. (आज अशा प्रयोगाला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही.)

समजा, बावधनजवळ चांदणी चौकात एखाद्याच्या दुचाकीला ट्रकने धडक दिली. आधी ट्रक दिसला की छातीत धडधडते, मग कुठल्याही पुलावर, मग नुसत्या हॉर्नने. शेवटी पिरंगुटची बसही नको वाटते. तिथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी स्फोटाने पाडला, 2023 मध्ये नवी रस्तेरचना खुली झाली, चौक ओळखू येईनासा झाला. तरी अशी भीती आपोआप जात नाही, कारण ती त्या एका जागेपुरती उरलेली नसते.

ती टिकते टाळण्यामुळे. टाळले की लगेच हायसे वाटते आणि ‘टाळले म्हणून वाचलो’ असा धडा मेंदू घेतो. ‘तू नको जाऊस, मी आणतो’ असे घरचे प्रेमानेच म्हणतात. त्यानेही भीतीला बळ मिळते.

उपचारात तज्ज्ञ रुग्णाच्या संमतीने पायरीपायरीने पुढे नेतात: थांबलेल्या गाडीत बसणे, सोसायटीत फेरी, मग गर्दी नसताना पूल. ढकलून एकदम पुलावर नेऊ नका. अपघातानंतर महिनाभराने, किंवा त्रास तीव्र असेल तर त्याआधीही, झोप उडालेली असेल, प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मोफत आहे. मराठीतही बोलता येते.