सोडत
१२. सोडत : सरपंचपदाचे आरक्षण ठरवण्याची पद्धत. औसा, निलंगा, कंधार, मुखेड अशा तालुक्यांत महसूल अधिकारी गावकऱ्यांसमक्ष ती काढतात. बरणीतली घडी घातलेली चिठ्ठी बहुधा एखादे शाळकरी मूल उचलते. त्यातून पद कोणासाठी राखीव, एवढेच ठरते. माणूस मतदार निवडतात. दोन उमेदवारांना समान मते पडली, तर मात्र निकालही चिठ्ठीवर लागतो. प्राचीन अथेन्समध्ये ५०० जणांचे मंडळ, १० गणांतून प्रत्येकी ५० याप्रमाणे, दरवर्षी सोडतीनेच नेमत. सेनापती मात्र मतांनी निवडत. तिथे स्त्रिया व गुलाम या प्रक्रियेबाहेरच होते. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींतील निम्मी पदे स्त्रियांसाठी राखीव आहेत; म्हणून इथल्या चिठ्ठीचे मोल अधिक.