शस्त्रावरील अक्षरे : एका घरगुती रायफलीचा कालनिर्णय

ताम्रपटाच्या वाचनास जी शिस्त लागते, ती जुन्या शस्त्रांच्या बाबतीत आपल्याकडे क्वचितच पाळली जाते. वाडवडिलांच्या बंदुकीविषयी घरात चालत आलेली कथा हाच तिचा इतिहास मानला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मातुल घराण्यात वारसाने आलेल्या एका रायफलीविषयी अशीच कथा आहे. मराठा पलटणीतील एका पूर्वजाने ती कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात वापरली, असे तेथे सांगतात. १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या आणि डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला, हे निर्विवाद आहे. प्रश्न ह्या रायफलीचा आहे.

लाकडी दस्ता जेथे पोलादी भागात बसतो, तेथील कड्याच्या उजव्या अंगास इंग्रजी लिपीत काही ठसे आहेत : मुकुट, त्याखाली ‘जी. आर.’, मग ‘एन्फील्ड’, सन, ‘एस्. एच्. टी. एल्. ई.’, तीन उभ्या रेघा व एक तारा. सनाचा अखेरचा अंक गंजाने गेला असून ‘१९१’ एवढेच शेष आहे.

‘जी. आर.’ म्हणजे लॅटिनमधील ‘जॉर्जियस रेक्स’. पंचम आणि षष्ठ अशा दोन्ही जॉर्ज राजांना ती अक्षरे लागू पडत असल्याने केवळ त्यांवरून काळ ठरत नाही. इशापूरच्या कारखान्यातील रायफलींवर त्यापुढे ‘आय’ हे अक्षर येते. ते ‘इम्पेरातोर’चे, म्हणजे सम्राटपदाचे, आद्याक्षर होय. येथे ते नाही, आणि ‘एन्फील्ड’ ह्या कारखान्याच्या नावाशी हे सुसंगतच आहे. पुढील पाच अक्षरे ‘शॉर्ट ली-एन्फील्ड’ ह्या नावाची होत. पूर्ण नाव ‘शॉर्ट मॅगझिन ली-एन्फील्ड’ असे असल्याने काही जण ‘शॉर्ट’ हे विशेषण मॅगझिनला जोडतात. ते चूक आहे. मॅगझिन दहा काडतुसांचेच राहिले. आखूड झाली ती रायफल, सुमारे साडेएकोणपन्नास इंचांवरून साडेचव्वेचाळीस इंचांवर.

निर्णायक चिन्ह ताऱ्याचे. तिसरा नमुना १९०७ साली आला. युद्धकाळात उत्पादन वाढविण्यासाठी त्यातील काही भाग गाळून जो सोपा नमुना जानेवारी १९१६ मध्ये मंजूर झाला, त्यास तारा लावीत. गाळलेल्या भागांत मॅगझिन झाकून एकेक काडतूस भरावयास लावणारी ‘कट-ऑफ’ पट्टीही होती. तारा मागाहून ठोकला असेल, अशी शंका रास्त आहे. पोथीत प्रक्षेप असतात, तसे ते पोलादावरही संभवतात. परंतु ह्या रायफलीच्या अंगात त्या पट्टीची खाच मुळात कोरलेलीच नाही. म्हणजे ती जन्मतःच ताऱ्याची आहे, आणि हरवलेला अंक सहा ते नऊ ह्यांपैकीच असला पाहिजे. १९१६ च्या आरंभी विलायतेत मंजूर झालेला नमुना आधीच वेढल्या गेलेल्या कूतमध्ये पोहोचणे शक्य नव्हते.

शिवाय सैनिकाची रायफल ही सरकारी मालमत्ता. ती निवृत्तीबरोबर घरी येत नसे. पूर्वज कूतला होता, ह्या परंपरेस मात्र त्यामुळे बाध येत नाही; तिचा आधार पलटणीच्या नोंदींत शोधावयास हवा. रायफल घरी कशी आली, ह्याचा शोध परवान्याच्या कागदांत घ्यावा लागेल.

बोल्टावरील क्रमांक अंगावरील क्रमांकाशी जुळत नाही. तो भाग दुसऱ्या रायफलीचा असून त्याचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा लागेल.