युद्ध आणि पुनर्रचना शस्त्रक्रिया : पुणे ते सिडकप

प्रस्तावना

युद्धामुळे वैद्यकशास्त्राची प्रगती होते, असे विधान वारंवार केले जाते. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासातील दोन प्रसंगांच्या आधारे या विधानाची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुण्याचा प्रसंग

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०-९२) इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळावरील त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. येथे युद्धाने रुग्ण पुरविला. विद्या आधीपासूनच अस्तित्वात होती. वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे, शस्त्रवैद्याचे नाही.

सिडकपचा प्रसंग

पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकाचा चेहरा गोळ्यांच्या व तोफगोळ्यांच्या तुकड्यांच्या माऱ्यात सापडे. सोमच्या लढाईत (१९१६) अशा जखमींची संख्या फार वाढली आणि १९१७ मध्ये इंग्लंडमधील सिडकप येथे स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. तेथे हॅरॉल्ड गिलिज यांनी त्वचेची पट्टी नळीप्रमाणे शिवण्याचे तंत्र रूढ केले. त्यामुळे पट्टीचा रक्तपुरवठा टिकून जंतुसंसर्गाचा धोका कमी होई. परंतु १९१६ मध्येच ओडेसा येथे फिलाटोव्ह यांनी हे तंत्र पापणीच्या शस्त्रक्रियेत स्वतंत्रपणे वापरले होते. तो रुग्ण रणांगणावरील जखमी नव्हता. गिलिज यांचे वेगळेपण संघटनेत होते. दंतवैद्य, भूलतज्ज्ञ व चित्रकार यांना त्यांनी एकत्र आणले, शस्त्रक्रियांच्या टप्प्यांची चित्रे व छायाचित्रे जतन केली आणि १९२० मध्ये आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, युद्ध गरज, रुग्णसंख्या आणि शासकीय निधी निर्माण करते; ज्ञान मात्र कौशल्य, सहकार्य व काटेकोर नोंदी यांतून वाढते. म्हणून युद्धाला वैद्यकाचे वरदान मानणे योग्य ठरत नाही. पुण्याच्या त्या कारागिराकडे कौशल्य होते. त्याची नोंद परक्यांनी केली आणि शास्त्राच्या इतिहासात तो अनामिकच राहिला.